ड्युटी उतरल्यावर पिपेट उचलू नकोस

पत्र :

मॅडम, मी मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी पीएच.डी. केली, ल्युपसच्या, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजाराच्या, रुग्णांची मूत्रपिंडं का बिघडतात या विषयावर. तेव्हा वाटलं होतं, रेसिडेन्सी सुरू झाली तरी लॅब सुटणार नाही. संध्याकाळी जाईन, रविवारी जाईन. जातेही. पण वॉर्डात सिनियर म्हणतात, "हिचं लक्ष लॅबमध्ये", आणि लॅबमध्ये गाईड म्हणाले, "तू आता पाहुण्यासारखी येतेस." पीएच.डी.तला शेवटचा पेपर १४ महिने अर्धवट पडलाय. माझ्याच वॉर्डातल्या ल्युपसच्या रुग्णांकडून रक्ताचे नमुने घेऊन पुढचं काम सुरू केलंय, तेही रडतखडत. बरोबरीचे रेसिडेंट प्रोसिजरमध्ये माझ्या पुढे गेले आणि लॅबमधल्या मैत्रिणींचे दोन-दोन पेपर आले. घरचे म्हणतात, आधी धड डॉक्टर तर हो. रेसिडेन्सी संपेपर्यंत संशोधन सोडून द्यावं का? सोडलं तर परत येता येतं का? की ज्यांना दोन्ही जमत नाही त्यांनी या वाटेला येऊच नये? मला एकेरीतच लिहा.

– दोन डगरींवरची

ता. क. : मागच्या महिन्यात नाइट ड्युटी उतरल्यावर लॅबमध्ये गेले होते. नळ्यांना लेबलं लावताना कुठेतरी अदलाबदल झाली. २२ नळ्या, तीन महिन्यांचे नमुने. गाईडना अजून सांगितलेलं नाही.

उत्तर :

तुझं पत्र मी आधी वरून खाली वाचलं आणि मग खालून वर. निघता निघता, उंबऱ्यातून सांगावं तसं तू जे ता. क.मध्ये लिहिलंस, तिथूनच सुरुवात करते. तुझे बाकीचे प्रश्न महिनाभर थांबले तरी चालतील. हे महिनाभर थांबलंय, तेच जास्त झालं.

गाईडना सांग. हे उत्तर तुझ्या हाती पडण्याआधीच सांगितलं असशील तर उत्तमच. ईमेल नको, समोर बसून सांग आणि त्याच दिवशी लॅबच्या वहीत तारीख घालून लिही: कोणत्या दिवशी, कोणत्या नळ्या, काय झालं असावं, कधी लक्षात आलं. सांगायला उशीर झाला, तेही लिही. मग त्या नळ्यांत काय आहे ते बघ. पेशी किंवा डीएनए असेल आणि त्याच रुग्णांचा खात्रीचा दुसरा नमुना कुठे जपलेला असेल, तर जनुकीय खुणा जुळवून कोणती नळी कोणाची हे ठरवता येतं. मात्र रुग्णांनी दिलेल्या संमतीत आणि एथिक्स कमिटीच्या मंजुरीत तशी तपासणी बसते का, हे आधी विचारून घे. नुसता सीरम, म्हणजे पेशी काढून टाकल्यावर उरलेला रक्तातला द्रव, असेल आणि जुळवायला काही नसेल, तर त्या नळ्या बाजूला काढ आणि विश्लेषणात घेऊ नकोस.

एक मोह होणार आहे. आकडे हाती आले की वाटेल, 'ही नळी इतकी वर गेलीय, म्हणजे ती जास्त आजारी असलेल्या बाईंचीच असणार.' जे सिद्ध करायचंय त्याचाच आधार घेऊन नमुने ओळखायचे, असं ते होईल. लेबलांची अदलाबदल ही थकलेल्या हाताची चूक आहे. ती माझ्याही हातून झालीय, आणि जन्मभर लॅबमध्ये काढलेल्या कोणालाही विचार, एखादी तरी सांगतील. अंदाजाने लावलेलं लेबल मात्र जागेपणी लावलेलं असतं. गाईड रागावतील. रागावू देत. तीन महिने वाया गेल्यावर माणूस एवढा तरी रागावणारच.

आता ही चूक झाली कशी ते पाहू, कारण तुझ्या सगळ्या पत्राचं उत्तर तिच्यातच आहे. १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी लोकांना जागं ठेवून हात-डोळ्यांच्या समन्वयाच्या चाचण्या घेतल्या आणि त्यांची तुलना दारू घेतलेल्यांशी केली. सलग १७ तास जागलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी झाली, आणि २४ तासांनंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. या दुसऱ्या पातळीला बहुतेक देशांत गाडी चालवणं गुन्हा आहे. २००४ साली बोस्टनमधल्या अतिदक्षता विभागांत इंटर्न डॉक्टरांवर अभ्यास झाला. २४ तासांहून लांब पाळ्यांच्या नेहमीच्या वेळापत्रकात त्यांच्या हातून होणाऱ्या गंभीर चुका, पाळ्या आखूड केलेल्या वेळापत्रकाच्या तुलनेत ३६ टक्क्यांनी जास्त भरल्या. हे सगळं तू वाचलेलं असणार. पण आपण ते वॉर्डाबद्दल आहे असं समजतो. वॉर्डात निदान फार्मासिस्ट असतो, सिस्टर असतात, कोणीतरी 'डॉक्टर, हा डोस बघा जरा' म्हणतं. रविवारी सकाळच्या रिकाम्या लॅबमध्ये तुझ्या हाताकडे बघायला कोणीच नसतं. म्हणून पहिला नियम: ड्युटी उतरल्यावर पिपेट (थेंबाथेंबाने नमुना मोजून घ्यायचं साधन) उचलायचं नाही. झोपायचं. याला अपवाद ठेवू नकोस. एक ठेवलास की दर आठवड्याला एक सापडेल.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती माझ्या अंगावर आलेली आहे. मी तुझ्याच वर्षाला होते. दुपारी ठरलेल्या वेळेला पेशी काढायच्या होत्या. अर्धा तास इकडे-तिकडे झाला असता तर आठवड्याचं काम वाया गेलं असतं. वॉर्ड शांत होता. 'आलेच' म्हणून मी लॅबमध्ये गेले. तेवढ्यात माझ्या एका रुग्णाचा रिपोर्ट आला, पोटॅशियम ६.८, म्हणजे हृदय बंद पडू शकेल इतकं वाढलेलं. तो चाळीस मिनिटं टेबलावर पडून होता. सिस्टरनी नाडी मंद लागतेय म्हणून आपणहून ईसीजी काढला, त्यात टी लहरी तंबूसारख्या उंच दिसल्या, त्यांनी शेजारच्या वॉर्डातल्या रेसिडेंटला धरून आणलं आणि त्याने कॅल्शियम दिलं. मी परतले तेव्हा सगळं आटोक्यात होतं. कोणी मला काही बोललंही नाही, आणि तेच जास्त लागलं. पेशी मात्र मी अगदी वेळेवर काढल्या होत्या.

त्यामुळे तुझे सिनियर 'हिचं लक्ष लॅबमध्ये' म्हणतात तेव्हा लगेच दुखावून जाऊ नकोस. कधी ते टोमणा मारत असतील, कधी त्यांना खरंच काही दिसलेलं असेल. त्यांना विचार, 'कोणत्या रुग्णाच्या बाबतीत वाटलं?' नाव सांगितलं तर ऐक. नाव सांगता आलं नाही तर सोडून दे.

आता तुझा मुख्य प्रश्न. 'तोल' या शब्दाने आपलं फार नुकसान केलंय. तराजू म्हटला की दोन्ही पारडी एकाच वेळी समान हवीत, आज, या आठवड्यात, या महिन्यात. तू तेच करायला बघतेस: दिवसा वॉर्ड, संध्याकाळी लॅब. जरा हिशोब मांड. आठवड्याचे तास १६८. अमेरिकेत २००३पासून रेसिडेंटना आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. तुझे तास त्याहून कमी असतील असं मला वाटत नाही. सात तासांची झोप धरली तर ४९ गेले. उरले ३९. त्यात आंघोळ, जेवण, येणं-जाणं, कपडे धुणं, आईशी फोन, परीक्षेचा अभ्यास आणि नुसतं भिंतीकडे बघत बसणं. या उरलेल्या चिंध्यांमधून तुला प्रयोगशाळा शिवायचीय.

ज्यांनी या वाटेच्या पद्धतशीर योजना आखल्या, त्यांनी काय केलं बघ. ब्रिटनमध्ये २००५च्या एका अहवालानंतर शैक्षणिक क्लिनिकल फेलोंच्या, म्हणजे प्रशिक्षण घेता घेता संशोधनही करणाऱ्या डॉक्टरांच्या, जागा आल्या. त्यात प्रशिक्षणाचा २५ टक्के वेळ संशोधनासाठी राखून दिलेला असतो. अमेरिकेत मेडिसिनच्या बोर्डाची एक संशोधन-वाट आहे: आधी दोन वर्षं जवळजवळ निव्वळ रुग्णसेवा, मग तीन वर्षं अशी की ८० टक्के वेळ संशोधनाचा. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची तरुण डॉक्टर-संशोधकांसाठीची अनुदानं घ्यायची तर ७५ टक्के वेळ संशोधनाला दिला जाईल असं लिहून द्यावं लागतं; सर्जनांना ५० टक्क्यांची सवलत आहे, कारण हात शस्त्रक्रियेपासून फार काळ दूर राहिला तर बिघडतो हे त्यांनाही मान्य आहे. आकडे वेगवेगळे आहेत, पण 'रोज ड्युटीनंतर दोन तास' असं यात कुठेही लिहिलेलं नाही. सगळ्यांनी वेळेचे मोठे, सलग तुकडे पाडले आणि ते राखून ठेवले. तू जे एकटीने, कोणाच्या परवानगीशिवाय आणि झोप मोडून करायला निघालीस, ते या लोकांनी कोणाला करायला सांगितलेलंच नाही. तेव्हा ते जमलं नाही म्हणून स्वतःला नालायक ठरवायचं कारण नाही.

म्हणून दिवसाची वाटणी सोड आणि वर्षाची कर. वॉर्डाच्या आणि आयसीयूच्या पोस्टिंगमध्ये तू फक्त डॉक्टर. ज्या महिन्यांत पोस्टिंग हलकं आहे, इलेक्टिव्ह (आपल्या पसंतीचं पोस्टिंग) आहे, किंवा संशोधनासाठी रजा मिळू शकते, ते महिने एकमेकांना जोडून घे. सलग तीन महिने मिळाले तर तेवढ्यात पेशींचं एक काम सुरू होऊन संपू शकतं. तेच तीन महिने आठ-आठ दिवसांचे करून मिळाले, तर दर वेळी गोठवलेल्या पेशी बाहेर काढून त्या वाढायची वाट बघण्यातच संपतात. पेशींना दोन-तीन दिवसांनी खाद्य लागतं, त्यांना तुझं ड्युटीपत्रक कळत नाही.

वॉर्डाच्या महिन्यांत संशोधन शून्यावर आणायचं का? नाही. निखारा राखेखाली जपायचा, एवढंच. संशोधनाची कामं दोन जातीची असतात. काहींना सलग आणि ठरलेला वेळ लागतो: पेशी, प्राणी, ताज्या नमुन्यावरच्या तपासण्या. काही तुकड्यातुकड्याने होतात: आकृत्या काढणं, आकडेमोड तपासणं, वाचन, मसुदा. पहिल्या जातीच्या कामाला वॉर्डाच्या महिन्यात हात लावू नकोस. दुसऱ्या जातीतलं एकच काम निवड आणि आठवड्यातला एक ठरलेला दीड तास त्याला दे, झोप झालेल्या दिवशी. दीड तास हसण्यासारखा वाटेल, पण आठवड्याला एवढं केलंस तर सहा महिन्यांत ४० तासांच्या आसपास होतात, आणि ४० तासांत एक पेपर लिहून होतो.

ते एक काम कोणतं, हे सांगायलाच नको: १४ महिने पडलेला पेपर. नवे नमुने गोळा करणं मला सुटकेसारखं वाटतं, आणि हे मी प्रेमाने म्हणतेय. नवीन काम सुरू करताना आपण हुशार वाटतो, जुनं संपवताना ढ वाटतो. म्हणून तर जगातल्या सगळ्या लॅबच्या ड्रॉवरमध्ये ऐंशी टक्के झालेले पेपर असतात (हा ऐंशीचा आकडा माझ्या मनातला, त्याला शास्त्रीय आधार नाही). प्रस्तावनेपासून लिहायला बसू नकोस, तिथेच अडकशील. आधी आकृत्या ओळीने लाव. प्रत्येकीखाली एका वाक्यात लिही की ही काय सांगते. ज्या आकृतीबद्दल ते वाक्य लिहिता येत नाही, ती काढून टाक. मग पद्धती, मग निष्कर्ष. प्रस्तावना सगळ्यात शेवटी, एका बैठकीत. आणि गाईडना विचार की एखादा प्रयोग पुन्हा करायचा असेल तर तो लॅबमधलं कोण करेल. जी करेल तिचं नाव कुठे येईल, हे तिने हातमोजे चढवायच्या आधी ठरवून लिहून ठेवा. पहिलं नाव वाटून घ्यावं लागलं तर वाटून घे. अर्ध्या श्रेयाचा छापून आलेला पेपर पूर्ण श्रेयाच्या न आलेल्या पेपरपेक्षा बरा. तुझ्या वयाला हे मलाही कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं.

नव्या कामाबद्दल एक गोष्ट मला खटकली. तू तुझ्याच वॉर्डातल्या रुग्णांकडून नमुने घेतेस. मंजुरी असेल असं मी गृहीत धरते. पण संमती कोण मागतं? सकाळी जी त्यांची औषधं ठरवते, तीच दुपारी फॉर्म घेऊन आली, तर 'नाही' म्हणायची त्यांची किती हिंमत होईल? माणसांवरच्या संशोधनाची नीतितत्त्वं सांगणाऱ्या १९६४च्या हेलसिंकी जाहीरनाम्याचं आजचं रूप काढून बघ. रुग्ण ज्या डॉक्टरवर अवलंबून आहे, त्याच डॉक्टरने संमती मागताना विशेष काळजी घ्यावी आणि शक्यतो ती त्या नात्याबाहेरच्या जाणकार माणसाने घ्यावी, असं त्यात सांगितलंय. शिवाय बऱ्याच रुग्णांना वाटतं, डॉक्टर रक्त घेतायत म्हणजे आपल्याच बरं होण्यासाठी घेतायत. दुसऱ्या वॉर्डातल्या सहकाऱ्याला किंवा संशोधन नर्सला संमती घ्यायला सांग. त्यात तुझीही सोय आहे. राउंडमध्ये त्या बाईंकडे बघताना तुझ्या डोक्यात फक्त त्यांचं मूत्रपिंड राहील, नळी राहणार नाही.

मग वॉर्डात असताना तुझ्यातल्या संशोधिकेने काय करायचं? बघायचं आणि टिपून ठेवायचं. खिशात एक छोटी वही ठेव. रुग्णाचं नाव नाही, नंबर नाही, फक्त प्रश्न. 'एकसारखा रिपोर्ट असलेल्या दोघींपैकी एकीचंच मूत्रपिंड का गेलं?' 'हिचं औषध बंद केल्यावर हिला बरं का वाटलं?' बहुतेक प्रश्नांची उत्तरं पुस्तकात निघतील, आणि तोही फायदाच, परीक्षा जवळ आहे. एखाद्याचं निघणार नाही.

मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन हे दोघं १९६६ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये प्रशिक्षण घेताना भेटले. पुढे राष्ट्रीय आरोग्य संस्थेत असताना गोल्डस्टीन यांच्या पाहण्यात एक जन्मजात आजार आला. दोन्ही पालकांकडून दोष आलेल्या मुलांचं कोलेस्टेरॉल अवाढव्य वाढलेलं असतं आणि शाळकरी वयातच त्यांना हृदयविकाराचे झटके येतात. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी हा एक प्रश्न होता: या मुलांच्या शरीराला रक्तातलं कोलेस्टेरॉल दिसत का नाही? उत्तर त्यांना डॅलसला गेल्यावर, रुग्णांच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशींमध्ये मिळालं. एलडीएल, म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, पकडणारा ग्राहक (रिसेप्टर) पेशींच्या पृष्ठभागावर नव्हताच. १९८५ साली दोघांना नोबेल मिळालं. मला यात नोबेलपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, प्रश्न खाटेपाशी सुचला आणि तो सोडवायला वर्षं गेली. तो कोणी ड्युटीनंतर रात्री सोडवला नाही. दोन, ते दोघं होते. तुझ्या पत्रात मला दुसरं माणूस कुठेच दिसलं नाही. गाईड आहेत, सिनियर आहेत, घरचे आहेत, पण याच वाटेवर बरोबरीने चालणारं कोणी नाही. एक शोध. दुसऱ्या विषयातली असली तरी चालेल.

दुसरं उदाहरण तुझ्या जास्त जवळचं. १९८१ साली पर्थच्या रॉयल पर्थ हॉस्पिटलमध्ये बॅरी मार्शल हा मेडिसिनचा प्रशिक्षणार्थी होता आणि त्याला प्रशिक्षणाचा भाग म्हणून एक प्रकल्प हवा होता. तिथले पॅथॉलॉजिस्ट रॉबिन वॉरन यांना जठराच्या बायोप्सींमध्ये वाकडे जिवाणू दिसत होते आणि त्यात फारसा कोणाला रस नव्हता. मार्शल त्यांच्याकडे गेला. जिवाणू वाढवायचे त्यांचे सुरुवातीचे तीसहून जास्त प्रयत्न फुकट गेले, कारण लॅबमध्ये दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्लेट फेकून द्यायची पद्धत होती. १९८२च्या ईस्टरच्या सुट्टीत प्लेटा चार-पाच दिवस तशाच उबवणपेटीत राहिल्या आणि त्यावर वसाहती उगवल्या. अल्सरमागचा हेलिकोबॅक्टर असा सापडला, २००५चं नोबेल. लोक यातली सुट्टीची गंमत सांगतात आणि मार्शलने पुढे तो जिवाणू स्वतः प्यायला तेही सांगतात (ते तू करू नयेस). मला त्यातला प्रकल्प आवडतो. लहान होता, त्याच्या रोजच्या कामाला चिकटलेला होता, नमुने एंडोस्कोपीतून तसेही येत होते, आणि लॅबचा बराचसा भार दुसऱ्या विभागाने उचलला होता. रेसिडेन्सीतलं संशोधन निवडायचं तर या मापाचं निवड. पीएच.डी.च्या मापाचं नको.

प्रोसिजरबद्दल पटकन सांगते. त्यात मागे पडलीस तर ते पुस्तकाने भरून निघत नाही, हाताने करूनच निघतं. लॉगबुक काढ, कमी असलेल्या तीन प्रोसिजर निवड आणि पुढच्या दोन महिन्यांत त्या जिथे होतात तिथे उभी राहा. संशोधन करणाऱ्या डॉक्टरच्या हाताबद्दल लोकांच्या मनात आधीच शंका असते. तिला खतपाणी घालू नकोस. आणि खरं सांगू, वॉर्डात जिच्यावर विश्वास आहे तिला सुट्टीचे महिने मागताना कोणी नाही म्हणत नाही.

लॅबच्या मैत्रिणींशी तुलना करत बसू नकोस. त्या एक शिक्षण घेतायत, तू दोन. वेळ दुप्पट नाही तरी दीडपट लागणारच. अमेरिकेत डॉक्टर-संशोधकाला पहिलं मोठं स्वतंत्र अनुदान मिळेपर्यंत सरासरी वय चाळिशीच्या पुढे गेलेलं असतं. हे ऐकून धीर यावा की खचावं, ते त्या दिवशी झोप किती झालीय त्यावर अवलंबून आहे.

आता, सोडावं का. अमेरिकेतले डॉक्टर-संशोधक जेम्स विनगार्डन यांनी १९७९ सालीच रुग्णसेवेतला संशोधक ही नामशेष होत चाललेली जात आहे असा इशारा दिला होता. तेव्हापासून आमची पिढी तुम्हा मुलामुलींना 'टिकून राहा' म्हणत आलीय, जणू एखादीने सोडलं तर जातच बुडेल. तू जात वाचवायला बांधील नाहीस. पण निर्णय आत्ता घेऊ नकोस, कारण आत्ता तुला संशोधनाचा कंटाळा आलाय की जागरणाचा, हे तुलाही सांगता येणार नाही. अमेरिकेतले डॉक्टर रॉबर्ट लेफकोविट्झ १९६८ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेत संशोधनाला गेले तेव्हा बराच काळ त्यांचा एकही प्रयोग धड होईना. आपण रुग्णच बघावेत असं ठरवून ते रेसिडेन्सीला परतले आणि तिथे रुग्ण बघताना त्यांना लॅबची आठवण छळायला लागली. २०१२ साली त्यांना नोबेल मिळालं, ते सोडून दे; नोबेल सगळ्यांना मिळत नाही, आठवण मात्र सगळ्यांना येते किंवा येत नाही. तेवढंच तपासायचंय. पुढचे तीन महिने लॅबमध्ये पाऊल टाकू नकोस. दीड तासाचा पेपर तेवढा चालू ठेव. झोप. मग बघ कशाची आठवण येते. लॅबची आठवण आली नाही आणि वॉर्डात मन रमलं, तर डॉक्टर हो, चांगली हो, आणि पीएच.डी. वाया गेली असं कोणाला म्हणू देऊ नकोस. पुराव्याकडे बघायची जी नजर आलीय ती औषध लिहितानाही लागते. उलटंही होऊ शकतं: वॉर्ड नकोसा वाटेल. तसं झालं तरी रेसिडेन्सी अर्धवट टाकू नकोस, दीड वर्षच राहिलंय.

आणि परत येता येतं का? येतं, पण आपोआप नाही. म्हणून दार उघडं ठेवून जा. गाईडकडे जाताना एका कागदावर लिहून जा: पेपर या महिन्यापर्यंत, नवे नमुने अमुक सांभाळेल, मी या तीन महिन्यांत पूर्णवेळ येईन. 'समजून घ्या' असं म्हणू नकोस, त्याने समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. विभागप्रमुखांकडेही तोच कागद, पण तिथे सुरुवात वॉर्डापासून कर: कोणत्या ड्युट्या मी कोणाशी बदलेन, माझ्यामुळे कोणावर भार पडणार नाही. आधी कोणाला अशी सलग सुट्टी मिळाली होती का ते ऑफिसात विचारून ठेव. 'मला द्या'पेक्षा 'त्यांना दिली होती तशी द्या' हे लवकर मंजूर होतं.

पुढे फेलोशिपला विषय निवडताना ब्रोशर वाचू नकोस. त्या विभागातून बाहेर पडलेले शेवटचे पाच-सहा जण आज काय करतायत ते विचार. दोन्ही करणारा त्यात एकही नसेल, तर तिथली पहिली होण्याची हौस ठेवू नकोस.

घरच्यांना सांग, डॉक्टर होणं चालू आहे.

ज्या दिवशी नळ्यांचं सांगशील, त्या दिवशी महिन्यांचा कागद काढू नकोस. त्या दिवशी फक्त नळ्या. आठवडा जाऊ दे, मग कागद. आणि त्या २२मधल्या किती वाचल्या ते मला कळव.